आवस टळू द्या

अप्पा, तुम्ही गेलात त्या दिवसापासून मी रडत होते. परवा दवाखान्याच्या सिस्टर घरी भेटायला येऊन गेल्या आणि रडणं एकदम थांबलं. सासऱ्यासाठी एवढी रडणारी सून आपल्या पालम गावानं पाहिली नव्हती. ‘बापासाठी बी कोणी इतकं रडत न्हाई,’ असं बायका माझ्या पाठीमागं बोलायच्या, ते मला ऐकू यायचं आणि खरं सांगते, बरंही वाटायचं. आता मला तुमचा राग आला आहे. तुमच्यासमोर उभं राहून, आवाज चढवून भांडावं असा राग. आणि भांडायला जावं तर तुम्हाला आम्ही नुकतीच समाधी देऊन आलो. म्हणून हे लिहायला बसले. ऐकून घ्या. तुम्ही ऐकून घेणारे होतात, हे मी आजही नाकारत नाही.

मी मानवतची. आमच्याही घरी गळ्यात लिंग होतं, सकाळची पूजा होती, पण पाळी आली की आई मला मागच्या खोलीत बसवायची. आपल्या लिंगायतांत हे नसतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण शेजारीपाजारी काय म्हणतील याची भीती जास्त. लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी कुणाला न सांगता, सवयीनं मागच्या पडवीत जाऊन बसले. तुम्ही पूजा आटोपून आलात. कपाळावरची विभूती अजून ओली होती. सासूबाईंना, म्हणजे इथल्या आईंना, विचारलंत, ‘ही पोरगी हितं कशाला बसलीय?’ आईंच्या चेहऱ्यावरूनच तुम्हाला कळलं. ‘ऊठ,’ म्हणालात. ‘ह्या घरात विटाळ न्हाई, सुतक न्हाई, अन् मुहूर्त तर मुळीच न्हाई. सगळा येळ शिवाचाच. जा, चहा टाक.’ मी चहा टाकला. सासरी येऊन महिना झाला होता, पण या घरात मी आले ती त्या दिवशी.

आपल्या कापडाच्या दुकानाशेजारचा भांडीवाला दर अमावस्येला शटरला लिंबू-मिरची बांधायचा, त्याला तुम्ही किती छळलंत! ‘लिंबं म्हाग झाली की भूत आत येतंय का रे?’ तो बिचारा हसायचा आणि तरी बांधायचा. आवसेला मालाचा नवा गठ्ठा फोडू नये असं व्यापारी म्हणतात, तर तुम्ही मुद्दाम त्याच दिवशी फोडायचात. मला तुमचा फार अभिमान होता. मैत्रिणींना सांगायचे, आमचे अप्पा कशालाच भीत नाहीत.

लग्नाला चार-पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मन्मथ, तुमचा एकुलता एक, चाकणला कंपनीत. महिन्या-दीड महिन्यानं येणार, दोन दिवस राहून जाणार. नांदेडच्या टेस्ट-ट्यूब सेंटरमध्ये उपचार सुरू झाले तेव्हा त्याच्या वाटणीचं जे होतं ते तो सुट्टी टाकून करून गेला. पुढचं सगळं माझ्या अंगावर. सोनोग्राफी, इंजेक्शनं, पुन्हा सोनोग्राफी. सोबत कोण येणार? आईंचे गुडघे त्यांना एसटीची पायरी चढू देत नव्हते. मी एकटी जाते म्हणाले, तर तुम्ही दुकानाची किल्ली आईंच्या हातात दिलीत आणि पायात चपला सरकवल्या.

सेंटरमध्ये सगळ्या नवरा-बायकोच्या जोड्या. त्यांत पांढरं धोतर, गळ्यात उपरणं असे तुम्ही आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली मी. काउंटरवरच्या मुलीनं ‘पेशंटचे मिस्टर कोण?’ म्हणून आवाज दिला तेव्हा मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तुम्ही उठलात आणि खड्या आवाजात म्हणालात, ‘मिस्टर चाकणला हाईत. मी सासरा हाय. माझा नंबर लिवा, मी उचलतो फोन.’ हॉलमधली पोरं गालात हसली. तुम्हाला त्याचं काहीच नव्हतं. तेव्हापासून सेंटरचा प्रत्येक फोन तुम्हाला यायचा. गोळी कधी, इंजेक्शन कधी, कुठल्या दिवशी उपाशीपोटी यायचं, सगळं तुम्ही मला सांगायचात आणि तुमचं सांगणं कधीच चुकलं नाही. म्हणून मी उलटून कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी परतीच्या गाडीत लोहा गाव येईपर्यंत आपण दोघं गप्प होतो. आत डॉक्टर मॅडमनी मला समजावलं होतं की गर्भ बाहेर तयार करता येतो, पण तो रुजायचा तर गर्भाशयाचं आतलं अस्तर तयार पाहिजे. पुरेसं जाड पाहिजे, सोनोग्राफीत त्याच्या तीन रेषा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. हे तुम्हाला सांगायचं कसं? घरात बायका गर्भाशयाला पिशवी म्हणतात, आणि तो शब्द सासऱ्यापुढं माझ्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. शेवटी तुम्हीच खिडकीबाहेर बघत विचारलंत, ‘काय म्हणल्या मॅडम?’

‘अस्तर पातळ आहे म्हणाल्या.’

तुमचा चेहरा एकदम मोकळा झाला. जन्मभर ब्लाऊजपीस, फॉल आणि अस्तर विकलेला माणूस! ‘अस्तर व्हय,’ म्हणालात, ‘मग त्यात काय एवढं, करतील की जाड.’ त्या दिवसापासून आपली पंचाईत मिटली. भर दुकानात, गिऱ्हाईक बसलेलं असताना तुम्ही ‘आज अस्तर कसं हाय?’ म्हणून विचारायचात, मी ‘सुधारलंय’ म्हणायचे, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं ब्लाऊजचंच चाललंय. एकदा मॅडमनी तुम्हालाही आत बोलावून खेड्यातल्या माणसांना सांगतात तसं सांगितलं, जमिनीला वापसा आल्याशिवाय आपण पेरतो का, तसंच हे. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, ‘मॅडमला वाटलं आपन शेतकरी. मी औत धरलं न्हाई कधी जन्मात. आपलं अस्तरच बरं.’ त्या दिवशी मी एसटी स्टँडवर किती हसले होते. त्यानंतर तिथं हसण्याचे दिवस फारसे आले नाहीत.

माझी स्त्रीबीजं मुळातच थोडी होती. मॅडमनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं की एवढी काढून घेऊ, पुन्हा मिळतील असं समजू नका. त्यांतून तीन गर्भ तयार झाले आणि गोठवून ठेवले. पहिला गर्भाशयात सोडला, रुजला नाही. दुसरा सोडला, तोही नाही. दोन्ही वेळा अस्तर नीट होतं, रेषा दिसत होत्या, मॅडम खूश होत्या, आणि दोन्ही वेळा पाळी आली. दुसऱ्या वेळी मी न्हाणीघराचं दार लावून आत बसले. तुम्ही बाहेर येऊन उभे राहिलात. नुसते खाकरलात. मी तिथं आहे, एवढंच सांगणारं ते खाकरणं होतं.

तेव्हा आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हणाले, आता बास, आपण मूल दत्तक घेऊ. तुम्ही ऐकेनात. ‘एक हाय ना अजून ठिवलेलं? ते तसंच सोडून देतीस? ते बी आपलंच हाय की.’ मी म्हणाले, तो अजून कोणीही नाही अप्पा, तो एक ठिपका आहे. तुम्ही म्हणालात, ‘ठिपका तर ठिपका. माझा नातू हाय तो.’ मी चिडून ताट सरकवलं. आठवडाभर आपण एकमेकांशी कामापुरतं बोललो. शेवटी मी हो म्हटलं. तुमच्यासाठी म्हटलं, मन्मथसाठी नव्हे.

तिसऱ्याच्या आधी मॅडम म्हणाल्या, आता घाई नको. अस्तर जाड असणं म्हणजे ते तयार असणं नव्हे. गर्भाला आत घेण्याची वेळ थोडीच असते, आणि काही बायकांत ती इतरांपेक्षा उशिरा येते. एक महिना नुसता सराव करू, सगळी औषधं तशीच द्यायची, पण गर्भ सोडायच्या ऐवजी अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. या तपासणीवर सगळ्या डॉक्टरांचा विश्वास नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण तुमचं शेवटचं आहे, म्हणाल्या, मला पाहून घ्यायचं आहे.

तो तुकडा काढताना काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सासऱ्याला काय सांगणार? बारीक नळी आत घातली आणि आतून कोणीतरी चिमटा घेऊन ओढल्यासारखं झालं. ओठ दाताखाली धरून मी छताकडं बघत राहिले. बाहेर आले तर तुम्ही माझ्या चालण्यावरूनच ओळखलंत. गाडीला गर्दी होती. तुम्ही कंडक्टरशी हुज्जत घालून मला खिडकीजवळची जागा मिळवून दिलीत आणि स्वतः पालमपर्यंत दांडीला धरून उभे राहिलात. माझ्या बापानं माझ्यासाठी एवढं केलं नाही, अप्पा. हे रागाच्या भरातही विसरता येत नाही, हाच तर त्रास आहे.

तपासणीत मॅडमचा संशय खरा निघाला. माझ्या अस्तराची वेळ उशिरा येत होती. आधीचे दोन्ही गर्भ बिचारे लवकर जाऊन दारातून परत आले असावेत. मला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं! माझ्यात खोट नव्हती, फक्त थोडा उशीर होता. मॅडमनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, आता या वेळी, गर्भ घ्यायला अस्तर तयार करणाऱ्या पहिल्या इंजेक्शनापासून गर्भ सोडण्यापर्यंत मी जास्तीचा वेळ देणार आहे. ते पहिलं इंजेक्शन ज्या वेळी देणार, तिथून सगळं मोजायचं. त्यात इकडंतिकडं झालं तर लगेच कळवा, मी पुढची वेळ बदलीन. तुम्ही मान हलवलीत. ‘फिकीर करू नका मॅडम,’ म्हणालात.

मग तो दिवस आला. नांदेडला सकाळी सोनोग्राफी झाली, रक्त दिलं, मॅडम म्हणाल्या रिपोर्ट बघून इंजेक्शनाची वेळ फोनवर कळवते. आपण घरी आलो. दुपारी तुम्हाला फोन आला. तुम्ही दुकानातून घरात आलात आणि म्हणालात, ‘उद्या सकाळी द्यायचंय. सिस्टरला सांगून आलो.’ मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या दवाखान्याच्या सिस्टर आल्या, त्यांनी कमरेत इंजेक्शन दिलं. पुढचीही वेळच्या वेळी दिली. ठरलेल्या दिवशी नांदेडला गर्भ सोडला. ‘सगळं वेळेवर झालं ना?’ मॅडमनी विचारलं. मी हो म्हणाले, कारण मला तेच माहीत होतं. तुम्ही दाराशी उभे होतात. तुम्हीही हो म्हणालात.

रुजला नाही. पुन्हा काहीच नाही, आणि आता पुढंही काही नाही.

त्यानंतरचं तुमचं वागणं मला तेव्हा कळलं नाही. तुम्ही दुकानात बसायचात, पण गिऱ्हाइकाला भाव सांगताना मधेच विसरायचात. शेजारच्याच्या लिंबू-मिरचीची चेष्टा बंद झाली. मला वाटलं, नातवाचं दुःख आहे. आणि माझ्यापाशी आलात की एकच वाक्य, ‘तुझा दोष न्हाई पोरी.’ चहा घेताना, पूजेची फुलं देताना, कारण असो नसो. ‘तुझा दोष न्हाई.’ मला भरून यायचं. सोनपेठच्या आक्का, तुमच्या थोरल्या बहीण, एकदा येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या की हिची पिशवीच बाद हाय, डाक्टर पैशे खायलेत. तुम्ही असे उसळलात की आईंच्या हातातलं तांब्या-भांडं पडलं. ‘आक्का, पुन्यांदा हे बोललीस तर ह्या घराची पायरी चढू नको. दोष तिचा न्हाई. मी सांगायलोय ना, तिचा न्हाई.’ आक्का तोंडाला पदर लावून निघून गेल्या. मन्मथ फोनवर हूं हूं करायचा तेव्हा त्यालाही तुम्ही तेच बजावायचात.

मग दत्तकाचं तुम्हीच काढलंत. ‘लेकरू आणू आपन. एकदा गळ्यात लिंग बांधलं की सगळी सारखीच.’ जे मी आधी म्हणत होते तेच. पण तोवर माझ्यातलं काहीतरी मरून गेलं होतं. मी म्हणाले, माझ्या अंगाला जे जमलं नाही ते दुसरीकडून आणून झाकायचं नाही मला. तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत. पुन्हा उघडलंत. मला वाटलं दत्तकाबद्दलच काही म्हणणार आहात. मी उठून गेले. हे भांडण तसंच राहिलं. महिनाभरानं तुम्ही दुकानात कापड मोजता मोजता छातीला हात लावून बसलात, ते उठला नाहीत.

परवा सिस्टर आल्या. तुमच्या फोटोला हात जोडले, माझ्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला. आणि कौतुकानं, अप्पा, अगदी कौतुकानं म्हणाल्या, ‘केवढी काळजी वो त्यान्ला तुमची! त्या दिशी आधी मला म्हणले, आज दिवेलागणीला या, इंजेक्शन द्यायचंय. मी बरं म्हणलं, तर घटकाभरात पुन्यांदा आले. म्हणले, सिस्टर, आज नगं. आवस हाय. आवस टळू द्या, सकाळी या. मी म्हणलं, डाक्टरला इचारलं का? तर हो म्हणले. असा सासरा मिळायला नशीब लागतंय.’

मी त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर नांदेडला फोन लावला. मॅडमना आठवत होतं. म्हणाल्या, मी तर त्याच संध्याकाळी द्यायला सांगितलं होतं, आणि तुमच्या सासऱ्यांनी दिलं म्हणून कळवलंही होतं. मी विचारलं, रात्रभराचा फरक म्हणजे कितीसा? त्या म्हणाल्या, दुसऱ्या एखादीला कदाचित काही फरक पडला नसता. तुमच्या बाबतीत तेवढाच वेळ आपण जास्तीचा देत होतो. पण त्यामुळेच गेलं असं मी शपथेवर सांगणार नाही. सगळं वेळेवर होऊनही कित्येकदा रुजत नाही.

म्हणजे मला धड तुम्हाला दोषही देता येत नाही. पण मला एवढं कळतं, की त्या तपासणीसाठी मी जे सोसलं, त्यातून माझ्या अस्तराला जो जास्तीचा वेळ मिळाला होता, तो तुम्ही आवसेला देऊन टाकलात. आणि आवसेला दिलात तेही चाललं असतं! एक फोन करायचा होता. ‘मॅडम, आज नाही दिलं, उद्या सकाळी देतो,’ एवढंच. त्यांनी गर्भ सोडायची वेळ पुढं नेली असती. त्या रागावल्याही नसत्या, त्यांच्याकडं असे सासरे रोज येत असतील. पण तुम्हाला ते सांगता आलं नाही, कारण त्यांनी ‘का?’ म्हणून विचारलं असतं. आणि सगळा वेळ शिवाचा म्हणणाऱ्या, आवसेला मुद्दाम गठ्ठा फोडणाऱ्या माणसाला तोंडानं म्हणता येईना की मी आवसेला भ्यालो. मॅडमपुढं नाही, माझ्यापुढं तर नाहीच. तुम्ही भ्यालात ते मी समजू शकते. दोनदा हात रिकामे आले होते. तिसऱ्याला काही म्हणजे काही आडवं येऊ नये म्हणून तुम्ही जन्मभराची श्रद्धा बाजूला ठेवलीत. नातवाची इतकी ओढ होती तुम्हाला. याचं मला रडू येतं, आणि तुम्ही लाजेपायी गप्प बसलात याचा संताप येतो, आणि दोन्ही एकदमच येतं. कुणाला सांगू हे?

आणि ते वाक्य. ‘तुझा दोष न्हाई पोरी.’ मी त्याला माया समजत होते. ती माया नव्हती असं नाही, पण तुम्ही मला खरं काय घडलं ते सांगत होतात आणि अर्ध्यावर थांबत होतात. उरलेला अर्धा सांगितला असतात तर मी काय केलं असतं? ओरडले असते. माहेरी निघून गेले असते. पण परत आले असते, अप्पा. तुमच्यासाठीच आले असते. रात्रंदिवस स्वतःच्या पोटावर हात ठेवून, हे मेलं का असं, म्हणून मी विचारत होते, ते तरी सुटलं असतं.

काल तुमच्या मागचा विधी, शिवगणाराधना, झाला. जंगम स्वामी जेवून गेले, विभूतीचा वास घरभर होता. पाहुणे पांगल्यावर बाहेरच्या खोलीत घरचीच माणसं उरली. सोनपेठच्या आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुमच्या हयातीत जे बोलायची त्यांची छाती झाली नव्हती ते त्यांनी काल काढलं. ‘माझा भाऊ नातू न बघताच गेला. आता तरी मन्मथचं दुसरं बघा. हिला कोणी हाकलायलं न्हाई, ही बी ऱ्हाईल घरात. पर पिशवीच बाद म्हणल्यावर किती दिवस बसायचं वाट बघत?’ आई खाली मान घालून द्रोण एकात एक घालत राहिल्या. मन्मथ मोबाइलकडं बघत होता.

मी ठरवलं नव्हतं. परवापासून मनाशी म्हणत होते की हे माझ्याबरोबरच जाऊ दे, आईंच्या आणि मन्मथच्या मनातले अप्पा आहेत तसे राहू देत. पण बाद हा शब्द दुसऱ्यांदा ऐकला आणि मी उभी राहिले. सगळं सांगितलं. दुपारचा फोन, सिस्टरला परत पाठवणं, आवस, मॅडमशी बोललेलं खोटं. माझी पिशवी बाद नाही, तिची वेळ उशिराची आहे, आणि ती वेळ या घरानंच चुकवली.

आक्कांनी कपाळावर हात मारला. ‘शिव शिव! मेलेल्या माणसावर आळ घ्यायलीस? ज्यानं तुला पोटच्या पोरीवानी जपलं त्याच्यावर? माझा भाऊ आवस पाळायचा? अख्ख्या पालमला इचार, कोणी तरी हो म्हणंल का?’ आणि खरंच, कोण म्हणणार? मी म्हणाले सिस्टरला बोलवा. आक्का म्हणाल्या, ‘तिला काय, चार गोड बोलून कोणी बी शिकवंल.’ मी मन्मथकडं पाहिलं. तो म्हणाला, ‘आज तरी हा विषय नको होता.’ आई उठून द्रोण घेऊन आत गेल्या. मला कळलं की या घरात मी आता वांझ तर आहेच, शिवाय खोटारडीही झाले.

त्या खोलीत तेवढ्या माणसांत माझ्या बाजूनं उठून ‘ती खरं बोलायली’ असं म्हणणारा माणूस एकच असू शकत होता, आणि मी त्याच्याच विरुद्ध बोलत होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात. स्वतःवर घेऊनही म्हणाला असतात, आक्कांच्या तोंडावर म्हणाला असतात, एवढा विश्वास मला अजूनही आहे, खोटं बोललात तरी आहे. सगळे माझ्याकडं बघत होते. मी मात्र एवढं बोलून तशीच उभी राहिले अप्पा, कारण अशा वेळी पुढचं तुम्ही बोलायचात.